हेल्मेट घ्यायला गेलो, ताईंनी खड्ड्याची खोली विचारली (४ स्टार)

पहिले सांगून देतो, ४ स्टार देऊन रायलो, पाचवा काऊन कापला ते खाली येईलच. दुकान बाहेरून पाहाल तर काहीच वाटत नाही, एका बाजूला टायर रिमोल्डवाला, दुसऱ्या बाजूला कृषी केंद्र, मध्ये हे. बोर्डावर मोठ्या अक्षरात मोटर, पाईप, हार्डवेअर आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात सेफ्टी सामान विक्री व भाडे. मी दोन वर्षं त्याच रोडनं जाणं-येणं करतो पण ती खालची ओळ कधी वाचलीच नव्हती.

मी साइट सुपरवायजर आहे, म्हणजे ठेकेदाराचा जो ठेकेदार असतो ना त्याच्याकडे. काम होतं वैनगंगेच्या काठच्या एका गावात पुराच्या पाण्याचं पंप हाऊस बांधायचं, गावाचं नाव लिहीत नाही, पवनीकडचं समजा. नदीच्या काठी पंप कायले पाहिजे असं माझ्या सासऱ्यांनीही विचारलं होतं म्हणून सांगतो. गावाला मातीची पाळ आहे, पाळीखालून नाला नदीत जातो, त्याच्या तोंडावर फ्लॅप गेट. नदी चढली की पाण्याच्या दाबानं ते झाकण आपोआप बसतं, नदी आत येत नाही, पण मंग गावात पडलेला पाऊसही बाहेर जाऊ शकत नाही, घरात शिरते ते आपलंच पाणी. ते उचलून पाळीच्या पल्याड फेकायला पंप. ऑगस्ट २०२० चा पूर ज्यानं पाहिला त्याला जास्त सांगायची गरज नाही, पाऊस वर मध्य प्रदेशात पडला, तिकडच्या संजय सरोवर धरणाचं पाणी सुटलं, आपल्याकडच्या गोसीखुर्द धरणाचे ३३ चे ३३ दरवाजे उघडले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत लोकं छपरावर.

तर अशा कामात सगळ्यात धोक्याचं काय, तर पंप नाही, पंप बसवायच्या आधीचा खड्डा. आमची वेटवेल, म्हणजे पंपासाठी पाणी जमा होते ती विहीर, ६ मीटर खोल, ९ बाय ७ मीटरची, वरून कन्हार म्हणजे काळी माती, खाली पिवळी माती आणि ४ मीटरवर रेती लागली. नदी १०० पावलांवर. आता विचार करा.

मी दुकानात गेलो होतो २५ हेल्मेट घ्यायला, तेही स्वस्तातले, कारण सोमवारी मोठे साहेब येणार होते आणि ठेकेदाराचा फोन आला की पिवळे टोपे घेऊन ठेव, फोटोत दिसले पाहिजे. काउंटरवर एक ताई होत्या, त्या आधी बुटीबोरीला एका कंपनीत सेफ्टीतच होत्या हे मले नंतर समजलं. मी म्हटलं २५ हेल्मेट द्या. त्या म्हणाल्या, "कोणतं काम हाय भाऊ?" सांगितलं. "खड्डा किती खोल?" सांगितलं. "माती काढून कुठं टाकता?" मी म्हटलं बाजूलाच. "बाजूला म्हणजे किती फूट?" आता मले राग येऊन रायला होता, गरमी, बाहेर गाडी उन्हात, आणि ही बाई माझी तोंडी परीक्षा घेऊन रायली. मी म्हटलं असंल दोन-तीन फूट. त्या म्हणाल्या, "मंग हेल्मेट घेऊन काय करसाल, माती डोक्यावर नाही पडत, छातीवर पडते."

ते वाक्य ऐकून मी गप्प झालो असं काही नाही, मी २५ हेल्मेट घेतले, २४० रुपयाला एक, आणि निघून आलो. पण त्यांनी बिलाच्या मागे पेननं लिहून दिलं होतं ते खिशात राहिलं. दीड मीटरच्या वर खोल असंल तर बाजू उतरती करा नाहीतर टेकू द्या. काढलेली माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या अर्धी, जे जास्त असंल तितकी दूर. सव्वा मीटरच्या वर शिडी पाहिजे आणि शिडीचं टोक जमिनीच्या वर ९० सेंटिमीटर निघालेलं. हे काही त्यांच्या मनचं नाही, सरकारी कामाच्या टेंडरात जो सेफ्टी कोड जोडलेला असतो त्यात जवळपास असंच छापलेलं आहे, आपण सही करतो आणि वाचत नाही. म्हणजे आमच्या ६ मीटरच्या खड्ड्याला ढीग ३ मीटर दूर पाहिजे होता. आमचा होता दोन फुटावर, आणि माणसं खाली-वर जायची ती पोकलेनच्या बकेटमध्ये उभी राहून, शिडी होती पण ती शटरिंगवाल्यानं नेली होती.

तीन दिवसांनी सकाळी आमचे मुकादम काकाजी मले म्हणाले सायेब इकडे या. पाळीच्या बाजूला काठापासून हातभर अंतरावर जमिनीत एक भेग, काठाला धरून सरळ, सात-आठ फूट लांब. काकाजींनी खिशातली बिडी काढून तिच्यात उभी केली, बरोबर बसली. उन्हाळ्यात आमच्याकडे कन्हारात भेगा पडतातच, बैलाचा पाय जाईल एवढ्या पडतात, म्हणून मी म्हटलं उन्हानं असंल. काकाजी म्हणाले उन्हाची भेग वाकडीतिकडी जाते, ही काठासंगं चालली. त्यांनी भेगेच्या दोन्ही बाजूला एक एक खुंटी ठोकली आणि मधात सुतळी ताणून बांधली. अकरा वाजता सुतळी तुटायला आलेली, भेगेत माझा अंगठा जाऊन रायला होता. तेव्हा मात्र माझं डोकं चाललं, सगळ्यांना वर काढलं, जेवणाची सुट्टी लवकर दिली. दीडच्या सुमारास जे पडलं त्याचा आवाज काही सिनेमासारखा नव्हता, भरलेलं पोतं खाली टाकल्यासारखा एकच, धप्प, आणि मंग धूळ. ढिगासकट अख्खी बाजू खाली. एक घनमीटर ओली माती म्हणजे पावणेदोन-दोन टन धरा, असे किती होते मोजले नाही, एका पोट्ट्याचा डबा आणि दोन घमेले अजून तिथंच राफ्टखाली, म्हणजे तळाच्या काँक्रीटखाली आहेत.

संध्याकाळी मी परत दुकानात. ताईंनी विचारलं नाही की कसे आले, माझ्या बुटावरची माती पाहिली असंल.

आता सामानाचं एकेक सांगतो, कारण रिव्ह्यू वाचणाऱ्याला तेच पाहिजे.

मोठ्या खड्ड्यासाठी त्यांनी काहीच विकलं नाही. सरळ म्हणाल्या ९ बाय ७ ला माझ्याजवळचे जॅक पुरत नाहीत, तुम्हाला पोकलेननं पायऱ्या पाडून बाजू मागं घ्याव्या लागतील, आणि खालून रेतीतून पाणी उकळून येऊन रायलं असंल तर आधी भोवताली बोअर मारून पाणी उतरवा, ते सामान नागपूरला मिळंल, माझ्याकडे नाही. हे महत्त्वाचं आहे म्हणून थोडं थांबतो. सम्पातून, म्हणजे खड्ड्याच्या तळाला पाणी गोळा करायच्या खोलगटातून, जे पाणी बाहेर फेकता ते बादलीत धरून पाहा. नुसतं गढूळ असंल तर एक वेळ ठीक, पण बादली निवल्यावर तळाला रेती बसत असंल तर समजा पाण्यासंगं जमीनच उपसून रायले, खालून पोकळ होते आणि मंग वरची पाळही बसू शकते. आमच्या बादलीत बोटाचं एक पेर रेती बसली होती. काम चार दिवस बंद ठेवून बोअर मारले, ठेकेदारानं फोनवर मले जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नाल्याला जोडणारी जी पाईपची चर होती, अडीच मीटर खोल आणि दीड मीटर रुंद, तिच्यासाठी मात्र लोखंडी पत्रे आणि स्क्रू जॅक भाड्यानं घेतले. चांगला माल होता. आटे साफ, ग्रीस लावलेले, दोन पोरं एका तासात चार मीटर लावून टाकतात. एकच, लावताना वरून खाली लावत जायचं आणि काढताना खालून वर, हे त्यांच्या डिलिव्हरीवाल्या भाऊनं स्वतः चरीच्या काठावर उभं राहून दाखवलं, आमच्या पोरांनी ते आधी उलटंच सुरू केलं होतं.

बेल्ट, म्हणजे फुल बॉडी हार्नेस, उंचावरून पडला तर माणसाला दोरीवर धरून ठेवणारा. मले वाटलं इथे ताई आपल्याला कापणार, कारण मी १० मागितले होते, अब्जॉर्बरवाले, म्हणजे पडल्याचा झटका खाणारी पट्टी असलेले, महागातले. त्यांनी कागदावर हिशोब केला, दोरी पावणेदोन-दोन मीटर, वरून अब्जॉर्बर फाटून लांब होतो तो तेवढाच, त्याखाली लटकलेला माणूस, वरून एक मीटर शिल्लक पाहिजे, एकूण गेलं सहा मीटरच्या आसपास. "तुमचा खड्डाच सहाचा हाय भाऊ. बेल्टवाला माणूस दोरी ताठ होईपर्यंत खालच्या सळाकीवर जाऊन बसंल." त्याच्याऐवजी काठाला लावायची रेलिंग भाड्यानं दिली, पाईपचे खांब, दोन आडव्या पट्ट्या आणि खाली पायाजवळ फळी जेणेकरून वरून पाना-हातोडी लाथेनं खाली जाणार नाही. बेल्ट दिले फक्त तीन, वर स्लॅबचं शटरिंग करणाऱ्यांसाठी, आणि सांगितलं की एकदा कोणी त्यावर पडून लटकला की तो बेल्ट कापून फेकायचा, धुऊन परत वापरायचा नाही. दहाचा धंदा सोडून तीनचा केला हे मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहून रायलो.

आता गॅस मोजायच्या मीटरचं. इथेच माझा एक स्टार गेला.

नाल्याचं जुनं चेंबर होतं, गावाची गटार, जनावराचं शेण, सडलेलं तणस सगळं त्यात. ते फोडून आमचा पाईप जोडायचा होता. ताईंनी आधीच बजावलं होतं की चेंबर उघडायचं असंल तर मीटर घेतल्याशिवाय कोणाला उतरवू नका, चार गॅसवाला डिटेक्टर, भाडं ७०० रुपये दिवसाला, डिपॉझिट १०,०००. मीटर आला, चालू केला, आणि मागं पाहतो तर कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मीटर बरोबर मोजतो का त्या तपासणीच्या, स्टिकरवरची तारीख दोन महिने आधीच उलटलेली. फोन केला. त्यांनी कबूल केलं, हो भाऊ चुकलं, दुसरा मीटर एका साइटवर गेला आहे, परवा येईल. परवा म्हणजे दोन दिवस १४ माणसं बसून. भाडं घेतलं नाही त्यांनी, पण हजेरी तर मलेच द्यावी लागली ना. जी बाई मले दोन फूट की तीन फूट विचारते तिच्या स्वतःच्या दुकानात तारीख पाहायला कोणी नसावं हे पटलं नाही, आणि तोंडावर बोलूनही दाखवलं. दुसरा मीटर आला त्याच्यासंगं कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेटही आलं, हे खरं.

पण वापरल्यावर समजलं त्याची किंमत काय. साधी हवा असली की ऑक्सिजन २०.९ दाखवतो, १९.५ च्या खाली गेला की ओरडतो. झाकण उघडून अर्धा तास ठेवलं होतं, वरून सगळं ठीक दिसत होतं. मीटर दोरीला बांधून आधी वर, मंग मधात, मंग तळाला, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन मिनिटं थांबवायचं, वर काढून पीक रीडिंग, म्हणजे खाली असताना नोंदलेलं टोकाचं रीडिंग पाहायचं. मधात २०.४. तळाला गेला आणि लाल लाईट मारत, थरथरत वर आला, ऑक्सिजन १७ आणि काहीतरी, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या वर. आमचा एक पोट्टा, पायात चप्पल, उतरायला तयारच होता, म्हणे काहीच वास नाही येऊन रायला सायेब. आता हेच तर आहे. तो सडक्या अंड्याचा वास थोडा असतो तेव्हाच येतो, १०० पीपीएमच्या आसपास गेला की नाकच मरतं, वास बंद होतो आणि माणसाला वाटतं गॅस गेला. हवेपेक्षा जड आहे, म्हणून तळाला साचतो. दरवर्षी पेपरात वाचतो ना आपण, विहिरीत मोटर काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, मंग तिसरा, तीन प्रेतं एकाच घरची. आमच्याकडच्या विहिरीतही असंच होते आणि लोकं म्हणतात विहीर लागली.

ब्लोअर त्यांचाच होता, पाईपसकट. २० मिनिटं तळाला हवा मारली, परत मोजलं, मंग उतरवलं, ब्लोअर चालूच ठेवून आणि मीटर त्याच्या छातीला लावून. वर ट्रायपॉड आणि विंच, म्हणजे खालचा कोसळला तर वरूनच ओढायचा, कोणी मागं उडी मारायची नाही. हे मी पोरांना दहादा सांगितलं आणि दहाव्या वेळी काकाजी म्हणाले, सायेब माझा पोरगा असता तर मी मारली असती उडी. मी काय बोलणार त्यावर, विंचचा दांडा त्यांच्याच हातात दिला.

तोच मीटर पुढे वेगळ्याच ठिकाणी कामी आला. रात्री पाणी वाढलं म्हणून पोरांनी डिझेल पंप दोरखंडानं खड्ड्यात खाली सोडला होता, सक्शन कमी पडते म्हणे. सकाळी मी सहज मीटर घेऊन उतरलो आणि चौथ्या पायरीवर तो ओरडायला लागला, कार्बन मोनॉक्साइड. खड्ड्यात वारा नाही, धूर जाईल कुठे. खाली एकाचं डोकं दुखून रायलं होतं, तो म्हणे रात्री झोप नाही झाली. पंप वर काढला, सबमर्सिबल सोडला.

सबमर्सिबल म्हणजे करंट. ईएलसीबी, म्हणजे करंट गळाला की लाईन पाडणारा डब्बा, त्यांच्याकडूनच घेतली, ३० मिलीअँपवाली, आणि पहिल्या दिवशी पाच वेळा ट्रिप. आमचा वायरमन म्हणे डब्बा आहे, डायरेक्ट करतो. मी रागानं डब्बा गाडीत टाकून दुकानात घेऊन गेलो परत करायला. ताईंनी टेस्टचं बटन दाबून दाखवलं, बरोबर पडली. म्हणाल्या, "ही तर चालते भाऊ. तुमच्या केबलचा जोड पाह्यला का?" येऊन पाहिलं, केबलला मधात जोड, त्यावर खताच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळून सुतळीनं बांधलेलं, आणि तो जोड बरोबर पाण्यात. त्याच पाण्यात गुडघाभर आमच्या चार बाया रेती काढत होत्या. वायरमनला मी काही बोललो नाही, नवीन अखंड केबल आणायला पाठवलं, तो दुपारपर्यंत आलाच नाही.

बायांवरून आठवलं, बुटाची तक्रार. साइटवर सहा बाया, सगळ्यांचे पाय ४ नाहीतर ५ नंबरचे, आणि दुकानात सेफ्टी शूज ६ च्या खाली नाही. म्हणे कंपनी पूर्ण पेटी घ्यायला लावते, ४ नंबर खपत नाही. अहो खपत नाही कारण ठेवत नाही. तीन आठवडे त्या बायांनी ६ नंबरच्या गमबुटात जुनं लुगडं कोंबून काम केलं. राफ्टच्या काँक्रीटच्या दिवशी त्यातल्या एकीच्या ढिल्या गमबुटात वरून काँक्रीटचं पाणी गेलं, तिला वाटलं थंड लागून रायलं, बरं आहे. संध्याकाळी बूट काढला तर नडगीची साल निघून आली. सिमेंटचं ओलं पाणी चुन्यासारखं खाते, आणि बुटाच्या आत साचलं तर उघड्या पायापेक्षा वाईट. लगेच काढून साध्या पाण्यानं धूत राहायचं, हळद-तेल नाही. तिला आठ दिवस घरी बसावं लागलं, हजेरी मी चालू ठेवली. ४ आणि ५ चे बूट शेवटी आले, चांगले आले, टोकाला स्टील, तळवा न घसरणारा, पण आले तेव्हा खालचं काँक्रीट संपलं होतं.

हेल्मेटबद्दल, ज्यासाठी गेलो होतो. ठीकठाक आहेत, मागं रॅचेटवाले, आयएस २९२५ चा शिक्का. आतल्या बाजूला एक गोल छाप असतो घड्याळासारखा, त्यात बनवल्याचा महिना आणि साल, घेताना तो पाहा, हे त्यांनीच दाखवलं, जुना माल उन्हात ठेवलेला असंल तर प्लास्टिक कडक होऊन तडकते. मे महिन्यात आमच्याकडे ४५ च्या वर पारा, त्यात हेल्मेट म्हणजे डोक्यावर तवा, कोणी घालत नव्हतं. मी काम पहाटे ५ ते ११ केलं, संध्याकाळी परत दोन तास, आणि हेल्मेटखाली ओला दुपट्टा बांधू दिला. पट्टी नीट आवळली जात असंल तर चालते. तेव्हा कुठे डोक्यावर राहिले.

लाइफबॉय, ती नारिंगी रिंग दोरीसकट, मले जबरदस्तीच वाटली. पाळीच्या नदीकडच्या बाजूला फ्लॅप गेट बसवायचं होतं म्हणून दोन दिल्या. पोरं दुपारी तिच्यावर डोकं ठेवून झोपायची. वापरायची वेळ आली नाही, भाडं गेलं, त्याचं दुःख नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात विजा कडकडायला लागल्या तेव्हा विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप पोरांच्या मोबाईलमध्ये टाकून दिलं, ते पुण्याच्या आयआयटीएमचं आहे, फुकट आहे, त्याचा या दुकानाशी संबंध नाही पण रेलिंगचे लोखंडी खांब आणि उघडी पाळ, म्हणून सांगून रायलो.

सर्व्हिस बाकी कशी, तर डिलिव्हरी छोट्या हत्तीवर, सांगितलेल्या दिवशी येते, सांगितलेल्या वेळेला नाही. बाजाराच्या दिवशी दुकानासमोर गाडी लावायला जागा मिळत नाही. जीएसटी बिलासाठी मले १५ दिवस फोन करावे लागले, ठेकेदाराकडून पैसे अडकले. भाव नागपूरपेक्षा थोडे जास्त आहेत पण नागपूरला जाऊन येण्यात दिवस आणि डिझेल जाते ते धरा. आणि नागपूरच्या दुकानात, जिथून मी याआधी माल घ्यायचो, मले आजपर्यंत कोणी विचारलं नाही की खड्डा किती खोल.

घर बांधणारे, विहीर खोदणारे, शेततळ्यावाले, तुम्हीही जा, हे फक्त आमच्यासारख्यांसाठी नाही. मीटर एका दिवसासाठीही मिळतो. जायच्या आधी फोन करून दोन गोष्टी विचारून घ्या, मीटरच्या स्टिकरवर तारीख कोणती आहे आणि बायांचे बूट ४ नंबर आहेत का. ज्यांची बांधकाम कामगार म्हणून सरकारच्या कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी आहे त्यांना सेफ्टीची पेटी मिळते, ती आधी पाहून घ्या, उगाच दोनदा खर्च नको. वर्षात ९० दिवस काम केलेलं असंल तर नोंदणी होते.

पंप हाऊसची ट्रायल १७ जूनला झाली, तिन्ही पंप चालले, गावातली पोरं पाईपातून पडणाऱ्या पाण्याखाली आंघोळ करायला धावली आणि त्यांना हाकलण्यातच माझा अर्धा दिवस गेला.

ताई, वाचत असाल तर दोन स्क्रू जॅक अजून माझ्याकडे आहेत, एकाच्या आट्यात काँक्रीट बसलं आहे, ते मी साफ करून सोमवारी पाठवतो. डिपॉझिटमधून कापू नका, मीटरचे दोन दिवस लक्षात आहेत माझ्या.